भरदिवसाची कडी

आमच्या घरात दिवसाढवळ्या दाराला आतून कडी लागली तर तिचे दोनच अर्थ निघतात. एक तर आत कोणीतरी कपडे बदलतंय, नाहीतर कोणीतरी रुसलंय. कपडे बदलायला किती वेळ लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे त्याच्यापुढे कडी राहिली की ते भांडणच. दार वाजवून आत यायची पद्धत तर आमच्यात नाहीच. "आपल्याच घरात दार वाजवायचं? आपण काय मीटर बघायला आलोय?" असं सासूबाई म्हणतात आणि कोपराने दार ढकलून आत येतात.

अशा घरात मी घरून इंग्रजी शिकवायचं काम धरलं. कंपनीच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत होतं, ‘घरबसल्या शिकवा’. ज्याने कोणी ते लिहिलं त्याने आयुष्यात एकदा तरी एखाद्या घरात बसून बघायला हवं होतं.

माझं इंग्रजीही घरचंच. शाळा लवकर सुटली. पुढचं मी रेडिओवरच्या बातम्या ऐकून, औषधाच्या खोक्यातली घडीची पत्रकं वाचून आणि मुलीच्या पाठ्यपुस्तकांत तिच्याआधी डोकं घालून शिकले. मुलगी नोकरीला परगावी गेली, जाताना आपला जुना कॉम्प्युटर ठेवून गेली आणि तिकडून फोन करकरून मला कंपनीची परीक्षा द्यायला लावली. मी पास झाले. मला त्याचं फार नवल वाटलं नाही. घरच्यांना वाटलं, आणि त्यांना इतकं वाटावं याचाच मला राग आला.

"कंपनी खरी आहे ना?" हे म्हणाले. हे म्हणजे माझा नवरा, नुकताच निवृत्त झालेला. "नाही, हल्ली फसवाफसवी फार चालते म्हणून म्हटलं."

"मला फसवून त्यांना काय मिळणार? कांदा-लसूण?"

"तसं नाही गं. पण त्यांनी तुला घेतलं म्हणजे..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. एवढ्या वर्षांच्या संसारात गिळलेली वाक्यंही ऐकू येतात.

कंपनीने तरी कुठे लगेच घेतलं होतं? आधी उमेदवारी. काही दिवस शिकवायचं, मग त्यांची सुपरवायझर एका धड्याला येऊन बसणार, तिला पसंत पडलं तर काम पक्कं, नाहीतर नमस्कार. सोबत नियम आले होते. पाठीमागे कोरी भिंत हवी, चेहऱ्यावर उजेड हवा, मुद्रा हसरी हवी, घरातले आवाज येता कामा नयेत, घरातलं माणूस दिसता कामा नये. वाचून मला कळेना, यांना शिक्षिका हवीय की पासपोर्टचा फोटो.

कोरी भिंत आमच्याकडे एकच, आतल्या खोलीत. पण त्याच खोलीत घराचं कपाट. चादरी, इस्त्रीचे कपडे, दुखण्याखुपण्याची औषधं, टॉर्च, दोऱ्याची रिळं, सगळं त्यात. घरात कोणालाही काहीही हवं झालं की पावलं तिकडेच वळतात. मी शिवणाचं जुनं टेबल भिंतीशी ओढलं, कॉम्प्युटरखाली उशी दिली, खिडकीचा पडदा अर्धा सारला आणि शिक्षिका झाले.

माझी पहिली विद्यार्थिनी कुठल्याशा दूरदेशीची नर्स. माझ्यापेक्षा लहान, गोल चेहऱ्याची, बोलताना आधी भुवया उचलणारी. ती नेहमी गाडीत बसलेली दिसायची. मला वाटलं, कामावर निघता निघता शिकत असेल. एकदा विचारलं, तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली, गाडी दवाखान्याच्या आवारात उभी आहे. घरी सासरे, दीर, मुलं. तिने पुस्तक उघडलं की सगळ्यांना एकाच वेळी तहान लागते. गाडीच्या काचा वर करता येतात.

मी मनातल्या मनात तिचं नाव गाडीवाली ठेवलं. मोठ्या दवाखान्यात तिची मुलाखत होती, तिथे सगळं इंग्रजीतून बोलायचं होतं, आणि तिला दरदरून घाम फुटायचा. ती घाबरली की मी माझी फजिती सांगायचे, मी केलेल्या चुका. ती हसायची आणि हसता हसता वाक्य पुरं करून टाकायची. आपल्या बोलण्याने कोणाचं तरी अडलेलं वाक्य सुटतं, हे सुख मला या वयापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. ते हातचं जाऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

आणि मग सासूबाई आत आल्या.

कोपराने दार, हातात लसणाची परडी. त्या येऊन थेट पलंगावर बसल्या, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही कोण गं?"

"आई, काम चाललंय."

"ते दिसतंय. ही कोण? तुझ्या लेकीची मैत्रीण?"

"नाही हो. शिकायला बसलीय माझ्याकडे."

"गाडीत बसून?" त्या पुढे वाकल्या. आता आम्ही दोघी चौकटीत, दोघींच्या मध्ये परडी. "लग्न झालंय का हिचं? वाळलीय किती. जेवलीस का गं बाळा?"

गाडीवालीने भुवया उचलून हात हलवला. सासूबाईंनीही हलवला. मग समोरची गप्पच आहे असं पाहून त्या माझ्याशी घरच्या गोष्टी बोलू लागल्या, कारण त्यांच्या मते मी मोकळीच बसले होते. धडा संपेपर्यंत लसूण सोलून झाला.

प्रत्येक धड्याचं चित्रण कंपनीकडे जातं. दुसऱ्याच दिवशी निरोप आला, अगदी गोड शब्दांत. आपल्या शिकवण्याबद्दल आम्हाला आदर आहे, परंतु खोली बंद असल्याशिवाय आपल्याला पुढे नेता येणार नाही. कोण आलं, का आलं, विचारपूस नाही. त्यांच्या लेखी चांगली शिक्षिका भिंतीतून उगवते आणि तास संपला की भिंतीत जाते.

मी कडी लावायला सुरुवात केली.

सगळ्यांना आधी सांगितलं होतं. स्वयंपाकघरात उभी राहून, मोठ्याने, सविस्तर सांगितलं की दुपारचा चहा झाला की मी आत कामाला बसेन, कडी लावेन, हाक मारू नका. सगळ्यांनी मान डोलावली. आमच्या घरात मान डोलावतात ती ऐकल्याची पोच म्हणून. कबूल केलं असा तिचा अर्थ नसतो.

पहिल्याच दिवशी धडा संपवून दार उघडलं, तर स्वयंपाकघरातलं स्टूल दाराशी आणलेलं आणि त्यावर सासूबाई कान लावून.

"रडत होतीस का?"

"आई, मी शिकवत होते."

"मग मधेच गप्प का झाली होतीस?"

"समोरची बोलत होती म्हणून."

त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या हिशेबात बाईने दिवसा कडी लावली म्हणजे कारण नवऱ्यापर्यंत पोचतंच. संध्याकाळी त्यांनी लेकाला एकट्याला गाठलं. "काय बोललास तिला?" हे बिचारे खरोखरच काही बोलले नव्हते. पण विचारलं गेल्यावर माणूस आठवून आठवून पाहतो, तसं त्यांनी पाहिलं, आणि रात्री जेवताना भाजीचं कारण नसताना कौतुक केलं.

पुढे गोष्ट दाराबाहेर गेली. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी माझा दंड धरून विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" ह्यांच्या फिरायला जाणाऱ्या मित्रांपैकी एकाने ह्यांना बाकावर बसवून समजावलं म्हणे की या वयात बायकांचं असं होतं, आपण पडतं घ्यावं. आणि मग वन्सं आल्या. माझ्या धाकट्या नणंदबाई. पिशवीत कपडे घेऊनच आल्या, म्हणजे मुक्कामालाच.

"वहिनी, मनात ठेवू नकोस. बोल," त्या म्हणाल्या.

"मनात काही नाहीये वन्सं. मी नोकरी करतेय."

"तेच. दादा काही कमी पडू देतो का तुला? मग नोकरी कशाला? आणि नोकरीच आहे तर कडी कशाला? मीपण नोकरी केली दोन वर्षं, मला नाही कधी कडी लागली."

"तुम्ही ऑफिसात जात होतात."

"मग! आणि तू तर घरीच असतेस."

घरीच असतेस. हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकलेत की ते माझ्या नावापुढची पदवी वाटतात. घरीच असते, गॅसवाला येईल तेव्हा असेल. घरीच असते, किल्ली तिच्याकडे ठेव. घरीच असते, तिला कसला आलाय वेळेचा तोटा. मी घरी होते तेव्हा घर आपोआप चालत नव्हतं, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. आता त्याच घरात मी दुसरं काम करायला बसले, तर पहिलंच काम मोजलेलं नाही, दुसरं कोण मोजणार?

सुपरवायझर बाई येणार तो दिवस उजाडला. त्या दिवशी धडा सकाळीच ठेवला होता. मी सकाळी भाजी आणायला खाली गेले आणि जाताना निक्षून सांगून गेले की आज महत्त्वाचं आहे, आज माझी परीक्षा आहे. परत आले, पिशवी ठेवली, टेबल पुसायला आतल्या खोलीत गेले, आणि दाराकडे लक्ष गेलं.

कडी नव्हती.

कडीच्या जागी चार भोकं होती आणि रंग न लागलेला लाकडाचा एक फिकट पट्टा. जमिनीवर थोडा भुसा. ह्यांचं काम नेहमी नीटनेटकं, पण भुसा उचलायचा कोणी हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही.

"अहो!"

हे पेपर घेऊनच आले. "आता डोक्याला ताप नको म्हणून काढून टाकली. सगळे मलाच विचारतात. तू काळजी करू नकोस. मी बाहेर बसतो, कोणाला आत येऊ देत नाही. मी आहे ना."

मला भयंकर संताप आला. पण भांडायला हातात वेळ उरला नव्हता. मी दाराला आतून पलंगावरची जड गादी टेकवून पाहिली, ती घसरून पडली. खुर्ची लावावी तर खुर्ची एकच, तिच्यावर मी बसणार. शेवटी दार नुसतं लोटलं आणि पडद्यासमोर बसले. हसरी मुद्रा.

गाडीवाली आली. आज तिने केस नीट बांधले होते, तेही माझ्यासाठीच. कोपऱ्यात एक काळा चौकोन होता, त्यात सुपरवायझर. चेहरा नाही, आवाज नाही, नुसता चौकोन. आम्ही सुरू केलं. मी पेशंटची हट्टी बहीण, ती नर्स. भेटायची वेळ संपली आहे हे तिने मला न दुखवता, पण ठामपणे सांगायचं. छान जमत होतं. मी हट्ट करत होते, ती अडखळत अडखळत का होईना, मला वॉर्डाबाहेर काढत होती.

दार उघडलं. हे.

"अगं, माझा चष्मा कुठे आहे? मी बाहेर बसलोय, कोणी येणार नाही, पण नुसतं बसून काय करू, म्हटलं पेपर तरी वाचावा."

मी हसरी मुद्रा न हलवता कपाटाकडे बोट केलं. ते कपाटाशी गेले आणि त्यांच्यामागे उघड्या दारातून वन्सं आल्या. "चालू दे तुझं वहिनी, मी काही बोलत नाही. फक्त डोकेदुखीची गोळी घेते. दादा, सरक जरा. अरे, त्या खणात नाही, वरच्या." मग लसणाची परडी, मागून सासूबाई. "सगळे इथेच आहात होय? मी म्हटलं, गेली कुठे माणसं." आणि त्या पलंगावर बसल्या. गादी मघाशी मी वाकडी करून ठेवली होती, म्हणून त्यांनी मला उठवून ती नीट करायला सांगितली.

मी उठले. गादी मात्र नीट केली नाही.

"बाहेर," मी म्हटलं.

कोणालाच वाटलं नाही की हे त्यांना उद्देशून आहे. वन्संनी खिडकीबाहेर पाहिलं.

"तिघंही बाहेर व्हा. आत्ता. मी कामावर आहे."

"अगं पण मी चष्मा..."

"अहो, तुमचा चष्मा मी एकदा ऑफिसात आणून दिला होता. आठवतं? तुमच्या केबिनच्या दाराशी शिपाई बसला होता. तो म्हणाला, साहेब कामात आहेत, बसा. मी बसले. बाकावर, फायली घेऊन आलेल्या माणसांच्या रांगेत, हातात तुमचा चष्मा धरून. तुम्हाला त्याच्याशिवाय दिसत नव्हतं, तरी मी दार ढकललं नाही. मला त्यात अपमान वाटला नाही, मला वाटलं, हे कामात आहेत. आणि मी कामात असले की तुम्ही माझ्या दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने काढता?"

"मी तर तुझ्याच..."

"माझ्यासाठी काही करायचं असेल तर दाराबाहेर करा. आई, उठा. वन्सं, गोळी बाहेर जाऊन घ्या, पाणी तिकडेच आहे. आणि हो, भांडण आजपर्यंत नव्हतं. आज आहे. आता काय सांगायचं ते सांगा सगळ्यांना, खरं तरी असेल."

सासूबाई परडीसकट उठल्या. त्या उठल्या म्हणून बाकीचे हलले. दार मी लावलं आणि पाठ लावून तिथेच उभी राहिले. टेबल तिथून चार हात लांब. आवाज चढवून इंग्रजीत म्हटलं, माफ करा, पुढे जाऊ या.

काळा चौकोन पहिल्यांदा बोलला. थांबवायचं का?

मी नाही म्हणायच्या आत गाडीवालीच नाही म्हणाली. माझ्या बोलण्यातलं अक्षरही तिला कळलं नसणार, पण तिच्या भुवया पार केसांपर्यंत गेल्या होत्या आणि डोळे चमकत होते. ती ताठ बसली आणि तिने मला, म्हणजे त्या हट्टी बहिणीला, भेटायची वेळ संपल्याचं असं खणखणीत सांगितलं की मी खरोखरच निघून गेले असते. फक्त दार सोडता येत नव्हतं.

संध्याकाळी निकाल आला. शिकवणं उत्तम. विद्यार्थिनीशी नातं उत्तम. परिसर असमाधानकारक. एक संधी आणखी देण्यात येत आहे. खोली बंद नसल्यास उमेदवारी रद्द समजावी. मी ते पुन्हा वाचलं. परिसर! जसं काही माझ्या खोलीला नाला लागून होता. त्यांना दार बंद हवं होतं, पण ते बंद राहावं म्हणून आत उभ्या असलेल्या बाईला किती जोर लावावा लागतो, याला त्यांच्या रकान्यात जागा नव्हती.

ह्यांच्याकडे जाऊन हात पुढे केला. "कडी."

त्यांनी शर्टाच्या खिशातून काढून दिली. म्हणजे दिवसभर खिशातच होती. सोबत स्क्रू. "मी बसवून देतो," ते हळूच म्हणाले.

"नको. टॉर्च धरा."

भोकं सैल झाली होती, स्क्रू नुसतेच फिरत होते. मी काडेपेटीतल्या काड्या मोडून भोकांत ठोकल्या आणि वरून स्क्रू पिळले. हे टॉर्च धरून उभे. मधेच म्हणाले, "तो शिपाई मला नंतर म्हणाला होता, वहिनी बराच वेळ बसल्या होत्या म्हणून."

"मग?"

"मग काही नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं." त्यांनी टॉर्च दुसऱ्या हातात घेतला. "आता नाही वाटत."

राग एवढ्यावर उतरण्यातला नव्हता, पण मी त्यांना टॉर्च आणखी वर धरायला सांगितलं आणि ते धरून राहिले.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी मी आत गेले, कडी सरकवली, तिला दोनदा हिसका देऊन पाहिला. बाहेर स्टूल ओढल्याचा आवाज आला. म्हटलं, झालं, पुन्हा कान लावून बसणार. सासूबाई त्या भांडणापासून माझ्याशी फारसं बोलल्या नव्हत्या.

गाडीवाली यायची होती, चौकोन यायचा होता. तेवढ्यात बाहेर वन्संची चप्पल वाजली. "आई, सरक, मला कपाटातून..."

"बस तिथे."

"अगं, एक मिनिट फक्त..."

"मिनिट नाही आणि बिनिट नाही. ती कामात आहे." सासूबाईंचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, जाड आणि सरकारी. "काय हवं ते मला सांगून ठेव. सुटली की विचारते."

"आई, तू काय शिपाई आहेस का?"

"आहे. बस म्हटलं ना."

पडद्यावर गाडीवाली उमटली. तिने काच वर केली, मी कडीकडे एकदा पाहिलं, आणि आम्ही दोघी कामाला लागलो. त्या दिवशी माझं काम पक्कं झालं. पुढे तिलाही मोठ्या दवाखान्यात घेतलं, आणि आता ती तिथल्या आवारात गाडी लावून बसते.

बाहेरचं स्टूल अजून आहे. सासूबाईंना अधिकार फार आवडला आहे. शिंपीणबाईंनासुद्धा त्यांनी एकदा बसवून ठेवलं. फक्त दर थोड्या वेळाने त्या स्वतःच दाराला तोंड लावून विचारतात, "संपलं का गं?"

"नाही!" मी आतून ओरडते.

"नाही म्हणतेय," त्या बाहेरच्यांना सांगतात. "बसा."